बेशुद्धीतलं बोलणं

"बाई, तुमी आता परत कधी बेसुद होनार?"

पुष्पाबाईनं हे अगदी सहज विचारलं, वांगी तराजूत टाकता टाकता. बुलढाण्याच्या रविवारच्या बाजारात मी दहा वर्षं तिच्याकडूनच भाजी घेते. ती मला किडकं वांगं देत नाही आणि मी तिच्याशी घासाघीस करत नाही, एवढाच आमचा संबंध. मला वाटलं, दुखण्याची चौकशी करते आहे. बगलेतलं गळू कापून आठच दिवस झाले होते, पट्टी अजून होती, उजवा हात पिशवी धरायच्या कामाचा नव्हता. "आता कशाला बेशुद्ध होऊ? बरं झालं सगळं," मी म्हटलं. तशी तिनं तराजू खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ सरकून म्हणाली, "नाही, होनार असान तं मले आंधी सांगा. एक गोष्ट पुसाची हाये. माह्या मोठ्या पोराचा चार सालापासून पत्ता नाही. दवा हुंगवली का मानूस खोटं बोलूच शकत नाही म्हनतात. तुमी लय बोलल्या म्हने." आणि तिनं हात जोडले. मला, मुलींच्या शाळेच्या हेडबाईला, जिनं मागच्याच महिन्यात फळ्यावर मेंदूची आकृती काढून मुलींना शिकवली होती, तिला भर बाजारात एका बाईनं हात जोडले. वांगी तिथंच टाकून मी निघाले.

रागानं निघाले असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी पळाले. कारण आठ दिवस मी कुणालाही न सांगता त्याच एका गोष्टीभोवती घुटमळत होते. डॉक्टर भगवंतरावांच्या दवाखान्यातलं ते उंच टेबल, वर पत्र्याचं छप्पर, नाकावर जाळी, जाळीवर फडकं आणि त्यावर थेंब थेंब पडणारं ते गोडसर वासाचं औषध. "मोठ्यानं आकडे म्हणा, बाई," भगवंतराव म्हणाले होते. रोज चाळीस मुलींकडून पाढे म्हणवून घेणारी मी, आज्ञाधारकपणे म्हणू लागले. सतरापर्यंत गेले. सतरा म्हटल्याचं मला पक्कं आठवतं, सतरातला 'त' कानात घुमला तेही आठवतं. अठरा आलेच नाहीत. सतरानंतर एकदम पत्राच, तोंडाला कडू चव, आणि उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकून पार खिडकीपाशी गेलेली. झोपेतून उठल्यावर आपण झोपलो होतो एवढं तरी माणसाला कळतं. इथं तेही नव्हतं. मधला तास कुणीतरी कात्रीनं कापून नेला होता आणि दोन्ही कडा इतक्या बेमालूम शिवल्या होत्या की टाका सापडत नव्हता. त्या तासात मी कुठे होते? शाळेत रोज सकाळी प्रार्थनेत मी मुलींकडून आत्मा अमर असल्याचं म्हणवून घेते. शस्त्रं त्याला कापत नाहीत, आग जाळत नाही. आणि चमचाभर औषधानं तो घर सोडून जातो! खरं सांगायचं तर मला याचं दुःख झालं नव्हतं. उलट आठ दिवस एक चोरटी मजा वाटत होती. जाळीखाली जे विझलं तेच मी, त्यापलीकडे काही शिल्लक नाही, असं म्हणताना छाती भरून येत होती. आणि आता ही भाजीवाली सांगत होती की मी नव्हते त्या तासात माझं तोंड मात्र चालू होतं.

मी तशीच दवाखान्यात गेले. भगवंतराव नव्हते. शालूबाई, त्यांच्या हाताखालची नर्स, स्टोव्हवर चिमटे उकळत होती. मी विचारलं, "शालूबाई, मी त्या दिवशी काय बोलले?" ती म्हणाली, "काही नाही बाई, सगळेच बोलतात. परवा एक शिपाई आला होता, त्यानं तं सायबाले शिव्या देल्या." मी तिथून हलले नाही. शाळेत एखादी मुलगी खोटं बोलते तेव्हा मी काही विचारत नाही, नुसती उभी राहते. ते शालूबाईलाही लागू पडलं. "तुमी हासल्या," ती खाली बघत म्हणाली. "अन् म्हणल्या, देवी नव्हती. देवी नव्हतीच, माय होती. तीनदा म्हणल्या. एरवी तुमी आई म्हणता, तवा माय म्हणल्या." मी विचारलं, "आणि हे तुम्ही माहेरी सांगितलंत." तिचं माहेर दुसरबीडचं होतं. तिनं चिमटे उलटेपालटे केले. "भावाच्या घरी गेली होती. बोलता बोलता निघून गेलं, बाई. मले काय ठावं त्याचं एवढं होईन."

एवढं काय होईल ते मला मात्र तिथंच, त्या स्टोव्हच्या आवाजात, कळून चुकलं. माझी आई, मनकर्णाबाई, साखरखेर्ड्याला राहते. दर मंगळवारी तिच्या अंगात देवी येते. बावीस वर्षं येते आहे. केस मोकळे सुटतात, मळवट भरलेला असतो, मान घुमायला लागते, आणि मग जो आवाज निघतो तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. एरवी आई इतकं हळू बोलते की जेवायला बसलेल्याला दोनदा विचारावं लागतं. पाच-पंचवीस कोसांवरून बायका येतात. देवी कुणाला दडलेलं धन सांगत नाही की हरवलेला बैल दाखवत नाही. देवी सांगते, हिला चार महिने माहेरी ठेवा. हिच्यावर हात उचलू नका. हिला सातवं पोर नको, नवऱ्यानं बाहेर ओट्यावर निजावं. आणि मिशीला पीळ देणारे बाप्ये मान खाली घालून ऐकतात. या घडीला आईच्या घरात झुंबरबाई नावाची एक बाई होती. दुसरबीडच्या हिंमतरावांची थोरली सून. नवऱ्यानं उलथन्यानं पाठ भाजली म्हणून ती चैतात आली होती आणि देवीनं सांगितलं होतं, ही परत जाणार नाही. हिंमतराव मोठा असामी, दोनशे एकरांचा धनी. पण देवीपुढे त्याचंही काही चाललं नव्हतं. आता चालणार होतं. देवी नव्हतीच असं खुद्द मनकर्णेची शिकलेली लेक बोलली होती, तेही जिथं खोटं बोलता येत नाही अशा ठिकाणी.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, माझा धाकटा भाऊ उत्तमराव मोटारीनं आला. शाळेच्या व्हरांड्यात टोपी हातात घेऊन उभा होता. मी वर्गातून बाहेर आले तशी म्हणाला, "अक्का, काय बोलून बसली तू?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. उत्तमला रडताना मी वडील गेले तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं. "गावात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली. हिंमतराव पंचाइले घेऊन आला. म्हने, आता सायन्सचा जमाना हाये, अंधारातलं काही चालनार नाही. म्हने मायले बी तेच औषध हुंगवा अन् पुसा, देवी हाये का नाही. खरी असन तं बेसुदीत बी देवीच बोलन. नाही तं झुंबरले लगेच गाडीत घालतो. उद्या मंगळवार. उद्याच इथं घेऊन येऊन राह्यले मायले."

"आणि डॉक्टर तयार आहेत?"

"डॉक्टर तं खुशीत हाये."

"आई काय म्हणाली?"

"माय म्हने, चाला." त्यानं टोपीनं तोंड पुसलं. "तिले जिना चढला का धाप लागते, अक्का. ते औषध तिले झेपनार नाही. तू फक्त एवढं सांग का ते बरळनं होतं. तापात मानूस बरळते तसं. मंग पुढचं कामच नाही."

तो धर्मशाळेत उतरायला गेला आणि मी मुलींना उजळणी करायला सांगून खुर्चीत बसून राहिले. बे एकं बे चाललं होतं. फक्त एवढं सांग. सोपं होतं. शिवाय ते शास्त्राला धरूनही होतं. औषधानं मेंदूवरचा ताबा सुटतो, जीभ सैल होते, निघेल ते निघतं. त्यात खरं किती, खोटं किती, कुणी मोजलं आहे? पण माझी गोची अशी की ते खरं होतं. म्हणजे मी ते खरं मानत होते. बावीस वर्षं मानत होते आणि बावीस वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं, आईजवळसुद्धा नाही. मी तेरा वर्षांची होते. नवरा पटकीत गेला होता, त्याचं तोंडही मला नीट आठवत नव्हतं. वडिलांनी, किसनरावांनी, माझा पाट लावायचं ठरवलं. पन्नाशीचा बिजवर, दुसरबीडचा, हिंमतरावाचा सख्खा चुलता. माणसं बैठकीत बसली होती, पानसुपारी फिरली होती, मी माजघरात नव्या चोळीच्या बाह्या ओढत उभी. वडिलांपुढे आईनं जन्मात डोळा वर केला नव्हता. त्या दिवशी ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मग परात उलटली. मग तिचे केस सुटले, आणि ती घुमत बैठकीत गेली, पिठाच्या हातांनी, बाप्यांच्या मधोमध. त्याआधी तिच्या अंगात कधीच काही आलं नव्हतं. ती पहिली वेळ. "या पोट्टीच्या हातात पाटी द्या," तो आवाज म्हणाला. "हिचा पाट लावान तं घराचा उंबरा पेटन. हिले अमरावतीले शिकाले धाडा." बैठक उठली. वडील पालथे पडले तिच्या पायांवर. मी दारात होते. आई माझ्यावरून घुमत गेली आणि जाता जाता तिच्या पिठाळ हातानं माझं मनगट धरलं, धरलं आणि दाबलं, दोनदा. देवीला माझं मनगट कशाला दाबावं लागेल? देवीला अमरावतीत मुलींना मास्तरीण करणारी शाळा आहे हे तरी कुठून माहीत? आईला माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी पाणवठ्यावर एक मिशनची बाई सांगून गेली होती, तेव्हा मी आईच्या शेजारीच कळशी घासत होते.

म्हणजे माझं सारं शिकणं, फळ्यावरचा तो मेंदू, भूगोलाच्या तासाला मी मुलींना लोणारचं तळं ज्वालामुखीनं झालं असं ठासून सांगते ते, सगळं एका घुमण्यातून आलं होतं. लोणारला लहानपणी गेलो तेव्हा आईनं सांगितलं होतं की इथं देवानं लवणासुराला मारलं. पुढे अमरावतीला सांगितलं की इथं डोंगर फुटला. उद्या आणखी कुणी तिसरं सांगेल. पाणी आपलं खारट ते खारटच. पण मला तेवढ्यावर समाधान मानता येईना. आई सोंग करत होती असं मी मानलं, ते तिचं कौतुक म्हणून मानलं. बाई काय हुशार, सगळ्या गावाला बनवलं! पण आता वर्गात बसून मला वाटायला लागलं की मग त्या सोंगाची गरज का पडली, हे मी कधी विचारलंच नाही. तेच शब्द, त्याच तोंडातून, केस बांधलेले असताना निघाले असते तर? वडिलांनी पायतणानं मारलं असतं आणि बैठकीत सुपारी फुटली असती. शब्दांत काहीच कमी नव्हतं. कमी होतं ते शब्दांच्या मागे उभं राहायला कुणीतरी, आणि बाई तिथं चालत नव्हती. आता हिंमतराव विज्ञान घेऊन आला होता. त्याच्याकडे ग्रामोफोन आहे, नागपूरचा पेपर येतो, सुनेची पाठ भाजते तीही त्याच घरात. देवीला बाजूला सारायला त्याला विज्ञान हवं होतं आणि मला त्याची लाज वाटत होती, कारण देवीला बाजूला सारायला मलाही विज्ञानच हवं होतं. आम्ही दोघं एकाच बाजूला कसे आलो, या विचारानं माझं डोकं तापलं. उजळणी संपून मुली गप्प बसल्या होत्या, तेही माझ्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, मी भगवंतरावांकडे गेले. चांगला माणूस. गरिबाला परत पाठवत नाही, बायकांना तपासताना नजर वर ठेवतो. त्यांनी मला खुर्ची दिली आणि फारच उत्साहात बोलू लागले. मनाला तळघर असतं, बाई. युरोपात आता हे सिद्ध झालं आहे. वरचा पहारेकरी झोपला की खालचं दार उघडतं. तुमचंच उदाहरण घ्या. आता तुमच्या मातोश्रींवर प्रयोग झाला तर मला त्यावर लेख लिहिता येईल. देवी म्हणजे काय, याचा एकदाचा निकाल लागेल.

"प्रयोग कुणावर?" मी विचारलं. "पासष्ट वर्षांच्या, जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईवर?"

"मी हात राखून देईन. काळजी नको."

"आणि तिथं जे निघेल ते खरंच असेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्या टेबलावर एका शिपायानं साहेबाला शिव्या दिल्या. त्या खऱ्या धरून तुम्ही साहेबाला कळवलंत का?"

ते हसले. "तो प्रश्न वेगळा आहे."

"वेगळा नाही. शिपायाचं बोलणं औषधाचं आणि माझं बोलणं खरं, कारण ते हिंमतरावांना हवं आहे. पूर्वी उकळत्या तेलात हात घालायला लावायचे, खरा असला तर भाजणार नाही म्हणून. तुमची बाटली तेच करते आहे, डॉक्टर. फक्त तिला बूच आहे."

त्यांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं का बोला. पण ते निर्बुद्ध नव्हते. टेबलावरच्या कागदांचे कोपरे जुळवत म्हणाले, "मग तुम्ही उद्या चारचौघांत सांगा, ते बोलणं खोटं होतं म्हणून. मी बाटली कपाटात ठेवतो. माझा शब्द. सांगता? तुम्ही विज्ञान शिकवता, बाई. देवी होती असं सांगा."

मी उठून घरी आले. ठरलं होतं. मी सांगणार होते. देवी होती, आहे, मी औषधानं बरळले. आयुष्यभर मुलींना खरं बोला म्हणून सांगितलं, एकदा झुंबरबाईच्या पाठीसाठी खोटं बोलेन, आणि विज्ञानाला माझा राग आला तर येऊ दे. ज्या सत्यानं एक बाई परत त्या उलथन्याखाली जाते ते सत्य हिंमतरावानं आपल्या ग्रामोफोनवर वाजवावं. सकाळी वेणी घालताना, दुखऱ्या हातानं, मी आरशात तोंड बघत ते वाक्य चारदा म्हटलं. चौथ्यांदा ते अगदी खरं वाटायला लागलं, आणि तेव्हा मला भीती वाटली.

मंगळवारी नऊ वाजता दवाखान्याच्या अंगणात हिंमतरावाची मोटार उभी होती. आत, त्या उंच टेबलावर, पाय खाली सोडून माझी आई बसली होती. किती लहान दिसत होती. डोईवर पदर, केस घट्ट बांधलेले, कपाळाला कुंकू नाही. वडील गेल्यापासून ते फक्त मंगळवारी असायचं. आज मंगळवार होता आणि कपाळ मोकळं होतं. भिंतीशी दोन पंच, उत्तम, आणि खुर्चीवर हिंमतराव, गुडघ्यावर काठी आडवी. दारापाशी, अर्धी आत अर्धी बाहेर, झुंबरबाई. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. विशीतली पोर, सासऱ्यासमोर असल्यानं पदर नाकापर्यंत ओढलेला, खाली फक्त हनुवटी. भगवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. "मला सांगायचं आहे की त्या दिवशी मी..."

"थांब व कोकिळे," आई म्हणाली.

तिचा रोजचाच आवाज, जेवताना दोनदा विचारावं लागतं तो. तरी सगळे थांबले. ती डॉक्टरांकडे वळली. "दादा, मले एक सांगा. हे हुंगवल्यावर मी जे बोलन, ते कोन बोललं म्हनान तुमी?"

भगवंतराव गडबडले. "म्हणजे... तुमचं सुप्त मन. तुमच्या आतलं."

"म्हंजे मी नाही."

"तुम्हीच, पण नकळत."

"नकळत." आईनं मान हलवली. "मंगळवारी बोलली तं देवी बोलली. आज बोलन तं दवा बोलली. बावीस वरसं झाली, दादा. बाई बोलली असं कवा म्हनान?"

हिंमतराव खुर्चीत पुढे झाला. "ते काई आमाले नको, मावशी. सरळ सांगा. देवी येते का नाही? तुमची पोरगी म्हनते नाही येत. सोंग हाये म्हनते."

मी म्हणाले, "मी बरळले." पण ते इतकं हळू निघालं की माझं मलाच ऐकू आलं. आईनं मात्र ऐकलं असावं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तेरा वर्षांची होते त्या दिवशीसारखं नव्हे. त्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलंच नव्हतं, नुसतं मनगट धरलं होतं. आता ती पाहत होती, आणि बावीस वर्षं मी जो प्रश्न गिळला तो पंचांसमोर, हिंमतरावासमोर, त्या औषधाच्या वासात माझ्या तोंडातून निघाला. मी पूर्ण शुद्धीवर होते. "माय, तू सोंग केलं होतं का व तवा?"

उत्तमनं "अक्का!" म्हणून माझा दंड धरला, दुखराच. मला कळ आली नाही.

आईनं विचार केला. खरंच केला, घाई न करता धान्य निवडावं तसा. "मले काय ठावं, बाई," ती म्हणाली. "तुह्या बापासमोर म्या कवा तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. कोनी उघडलं, म्या पुसलं नाही. पुसत बसली असती तं तू गेली असती दुसरबीडले. आंग घुमत होतं ते खोटं नव्हतं. पन शब्द माहे होते. अमरावती बी म्याच म्हनली होती." मग हिंमतरावाकडे वळून, त्याच आवाजात, "अन् चैतात या पोरीले धाडू नका म्हनली, ते बी म्याच म्हनली. आज परत म्हनते. केस बांधून म्हनते. धाडनार नाही."

मी जो खोटेपणा आरशासमोर इतका घोटून आणला होता त्याची आता गरजच उरली नव्हती, आणि आईनं आपली सत्ता, बावीस वर्षांची, अशी टेबलावर बसून, पाय हलवत, एका वाक्यात सोडून दिली होती. मला ओरडावंसं वाटलं, नको, परत घे ते, केस सोड, हे लोक बाईचं ऐकत नाहीत, तुला माहीत नाही का! भगवंतराव म्हणाले की मनाचं तळघर असतं. असेल. पण या खोलीत तळघरातलं कुणीच बोलत नव्हतं. वरच्या मजल्यावर, खिडक्या उघड्या टाकून, एक म्हातारी बोलत होती, आणि ते त्या दोन पंचांना सहन होत नव्हतं. त्यातल्या एकानं चक्क कानावर हात ठेवला.

हिंमतराव हसला. काठी टेकून उठला. "आयकलं ना सगळ्याइनं? देवी नाही. मावशीनंच कबूल केलं, हुंगवाची बी गरज नाही पडली. खेळ खतम." त्यानं दाराकडे पाहिलंही नाही, नुसती काठी त्या दिशेनं हलवली. "चाल व. गाडीत बस."

मी झुंबरबाईकडे जायला पाऊल उचललं, तर आईनं टेबलावरून हात पुढे करून माझं मनगट धरलं. सुरकुतलेला हात, आता पीठ नव्हतं. धरलं आणि दाबलं, दोनदा. थांब, असं. मी थांबले.

झुंबरबाई दारातून आत आली. पदर नाकावरच होता. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, सासऱ्यासमोर उभं राहायची रीत तीच. मग तिथूनच, भिंतीला सांगावं तसं, अगदी पातळ आवाजात म्हणाली, "मी नाही येत."

हिंमतरावाला कळेना हे कुठून आलं. त्यानं आईकडे पाहिलं. आईचे ओठ मिटलेले. माझ्याकडे पाहिलं. मग तो रागानं भगवंतरावांकडे वळला. "हिले काय हुंगवलं तुमी?"

बाटली भगवंतरावांच्या हातातच होती आणि बूच घट्ट बसलेलं होतं. ते त्यांनी सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"मंग कोन बोलून राह्यलं हे?" हिंमतराव ओरडला. "कोन आलं हिच्या आंगात?"

झुंबरबाईनं भिंतीकडचं तोंड फिरवलं. पदर तिनं मागे सारला नाही, एवढाच वर केला की डोळे दिसावेत. मी आयुष्यात कुणाचे इतके शुद्धीवर असलेले डोळे पाहिले नव्हते.

"कोनी नाही आलं, मामाजी," ती म्हणाली. "मी बोलून राह्यली."